लाल फडक्यामागची मोटार

अण्णा मोटार बाहेर काढायचे तेव्हा मोटारीपुढे एक माणूस लाल फडकं धरून चालत असे. तो माणूस मी.

कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या, तर एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. अशा गल्लीत अण्णांनी जुनी मॉरिस आणली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला खाली बोलावलं, हातात फडकं दिलं आणि म्हणाले, "विलायतेत कायदा होता. यंत्रगाडीपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालला पाहिजे. चल."

"अजून आहे तो कायदा?"

"तिथे रद्द झाला. कसब्यात रद्द झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नोंद असू दे."

"नोंद असू दे" हे त्यांचं पालुपद. ते शाळेत इतिहास शिकवत. मी वरच्या मजल्यावर राहायचो, सरकारी कचेरीत नवीन लागलो होतो आणि लग्नाचा होतो. अण्णा एकटे राहत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणत, "स्टिअरिंग एकच असतं."

तर रोज सकाळी मी पुढे फडकं घेऊन, मागे अण्णा पहिल्या गिअरमध्ये, अशी आमची स्वारी मोठ्या रस्त्यापर्यंत जाई. तिथून मला गाडीत घेऊन ते कचेरीशी सोडत. मी चालत निघालो असतो तर लवकर पोचलो असतो. कोपऱ्यावरचा वाणी विचारायचा, "काय मधुकरराव, आज कुठला गणपती?"

अण्णांचा इतिहास मोटारीपासून सुरू होई. त्यांच्या मते जगातली पहिली मोठी मोटारयात्रा एका माहेरवाशिणीनं केली. ज्यानं मोटार बांधली तो जर्मन गृहस्थ ती विकावी कशी या काळजीत घरी बसला होता. बायकोनं एका पहाटे नवऱ्याला न सांगता दोन मुलांना गाडीत घातलं आणि थेट आईकडे निघाली. नळी तुंबली, टोपीच्या टाचणीनं साफ केली. इंधन संपलं, औषधाच्या दुकानातून घेतलं. हे सांगून अण्णा वर्गाला विचारत, "यावरून काय सिद्ध होतं?" मग स्वतःच सांगत, "माहेरची ओढ ही मूळ शक्ती. पेट्रोल नंतर."

पॅरिसहून निघालेल्या पहिल्या स्पर्धेत जी गाडी सर्वांत आधी पोचली, तिला पहिलं बक्षीस मिळालं नाही. ती वाफेवर चालायची, कोळसा घालायला वेगळा माणूस लागायचा, ते परीक्षकांना पसंत पडलं नाही. ही गोष्ट अण्णा फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात घालत. हेडमास्तरांनी हरकत घेतली, तेव्हा म्हणाले, "क्रांतीत डोकी गेली, इथे निदान बक्षीसच गेलं."

आता मुद्द्यावर येतो. अण्णांची एक गोष्ट साऱ्या पेठेला माहीत आहे. भर शर्यतीत दुपारी एक वाजला म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि झाडाखाली झोपले. ही गोष्ट लग्नाच्या पंगतींत, कोजागरीला, गच्चीवर मी किती वेळा सांगितली असेल त्याला हिशेब नाही. घोरण्याच्या आवाजासकट सांगायचो. ती खोटी आहे.

खरं असं झालं. पुण्यातल्या एका क्लबनं सोलापूर रस्त्यावर रॅली ठेवली होती. तिच्यात सुसाट जायचं नव्हतं, ठरल्या वेगानं जायचं होतं. वाटेत वेळ टिपायच्या चौक्या होत्या; चौकीवर उशिरा पोचलं तरी गुण कापत आणि लवकर पोचलं तरी. आयुष्यभर पहिल्या गिअरमध्ये चालवलेल्या माणसाला ही शर्यत देवानं पाठवल्यासारखी वाटली. चांदीचा कप होता. अण्णांनी त्यासाठी कपाटात जागाही करून ठेवली. मी शेजारी बसून क्लबनं दिलेला वेळापत्रकाचा कागद वाचायचा आणि वेग सांगायचा. त्यांनी मला एकच ताकीद दिली होती, "सकाळी काही खाऊ नकोस. चालत्या गाडीत वाचायचं आहे."

मी मिसळ खाल्ली. दोन प्लेट.

परतीच्या वाटेवर आम्ही सर्वांत पुढे होतो, गुणांनी. लोणी काळभोरची चौकी जवळ आली आणि माझ्या डोळ्यांपुढे कागद फिरू लागला. मी म्हणालो, "अण्णा, थांबवा." अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी चिंचेखाली घेतली. मिसळ बाहेर आली, मी आडवा झालो. अण्णा पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. एकेक गाडी आमच्या शेजारून निघून गेली. मी म्हणत होतो, "तुम्ही जा." ते म्हणाले, "कोळसा घालणारा माणूस टाकून जायचा नसतो. नोंद असू दे."

चौकीवर तात्या बसले होते. लोणीतले बागायतदार, हौसेनं क्लबाच्या मदतीला आलेले. पुढच्याच रविवारी त्यांची मुलगी बघायला मी जाणार होतो. त्यांना पाहून मी कागद तोंडापुढे धरला.

"काय वो, गाडी बंद पडली जनू?" तात्यांनी विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे," अण्णा म्हणाले. "मला दुपारची झोप लागते. एकला म्हणजे एकला."

"शर्यतीत?"

"अर्जेंटिनाचा एक गडी जर्मनीत शर्यतीच्या मधे टायर बदलायला थांबला, मागे पडला, तरी जिंकला. मीही थांबलो. त्याला झोप आली नाही, एवढाच फरक."

तात्या माझ्याकडे वळले. "आन् पावणं?"

"हा जागा होता. मला उठवत होता बिचारा."

"पुन्याचं हाय खरं," तात्या म्हणाले आणि वेळ लिहून घेतली.

कप गेला. लग्न झालं, तात्यांच्या कुसुमशी. पुढच्या वर्षी क्लबानं अण्णांचा अर्ज परत पाठवला. झोपणाऱ्याला प्रवेश नाही. मी जाऊन खरं सांगू शकलो असतो. गेलो नाही. उलट लोक हसतात म्हटल्यावर गोष्टीत घोरणं घातलं. फळ्यावर मुलं घोरणारे अण्णा काढू लागली. ते चित्र पुसायच्या आधी अण्णा त्यातली मोटारीची चाकं दुरुस्त करत. कपाटातली जागा रिकामीच राहिली.

परवा अण्णांची नव्वदी झाली. मॉरिस कधीच मोडीत गेली आहे. पेठेतल्या मंडळानं सत्कार ठेवला आणि मला धायरीहून बोलावलं, झोपेची गोष्ट सांगायला. मी माइकपुढे उभा राहिलो आणि चिंचेखाली झोपलं कोण होतं ते सांगितलं. मिसळीसकट. आधी लोक हसले. मग माना अण्णांकडे वळल्या. पहिल्या रांगेतून आमची कुसुम म्हणाली, "तात्यांना तेव्हाच कळलं होतं. शर्टावर तर्री होती." आणि मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसायचं विसरलो.

नंतर अण्णांच्या खोलीत गेलो. ते रागावले होते.

"चांगली गोष्ट घालवलीस. लोक घरी येऊन विचारायचे, अण्णा, खरंच झोपलात? येऊन बसायचे तरी. आता कोण येईल?"

"मी येईन. दर रविवारी."

"मिसळ खाऊन?"

"न खाता." मग मला राहवलं नाही. "अण्णा, ते लाल फडकं कशाला होतं हो? हॉर्न वाजवून निघाला असतात."

अण्णा चष्मा पुसत राहिले. "हॉर्न वाजवला असता, तर तू कशाला आला असतास?"

मी बाहेर आलो. कुसुम गाडीत जाऊन बसली होती. मी चावी लावली, तर काठीचा आवाज आला. अण्णा दारातून बाहेर येत होते. खिळ्यावरचं फडकं काढून आणलं होतं. आता ते लाल म्हणवत नव्हतं. ते माझ्या गाडीपुढे उभे राहिले आणि फडकं वर धरून चालू लागले.

मागे तीन स्कूटर अडकल्या. एक मुलगा ओरडला, "ओ काका, चला की!"

मी पहिला गिअर सोडला नाही.