चाळीस दातांची पूजा

खंडेनवमीच्या सकाळी पालीतल्या शिवा गोताडच्या अंगणात, फणसाखाली, गोणपाटावर एका मोटारीचं इंजिन सुटं होऊन पडलं होतं. पडायला हरकत नव्हती, पण मोटार शिवाची नव्हती. ती त्याच्या बालमित्राची, अहमद मुकादमची होती आणि अहमद दुसऱ्या दिवशी अकराला मुंबईच्या एस.टी.ने उतरणार होता.

अहमद कुवेतला नोकरीला. वर्षापूर्वी जाताना त्याने आपली जुनी जपानी गाडी सख्ख्या मेहुण्याला न देता शिवाच्या हवाली केली होती, तीही घरादारासमोर. "आठवड्यातनं एकदा बाजारापावत ने आनि आन. सपाटीवर. घाटात घालू नको," एवढंच तो म्हणाला होता. शिवाने ते पन्नास आठवडे शब्दशः पाळलं. एक्कावन्नाव्या आठवड्यात त्याची बायको हौसा म्हणाली, "अवो, आंबा घाट कसा असता ओ?" आणि शिवाचा संयम सुटला. अर्ध्या घाटात गाडीने भसकन वाफ सोडली आणि बंद पडली. हौसाने घाट मात्र पोटभर पाहिला, कारण पुढचे तीन तास दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

ट्रकला बांधून आणलेली गाडी उघडायला पालीत कोणी तयार होईना. शेवटी शिवाने रत्नागिरीहून बंदरावरच्या फारुकचाचांना आणलं. चाचांची सगळी हयात मच्छीमार लाँचींची इंजिनं सोडण्यात नि जोडण्यात गेलेली. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात, ते उचलून त्यांनी एक डोळा मिटला आणि कडेने पाहिलं.

"तापून हेड वाकलाय. लेथवर घासून सपाट करून आनायला पायजे."

"मग अमदला कळनार नाय ना?"

"गाडी चालली तर त्याला कशाला कळंल? आनि नाय चालली तर सगळ्या पालीला कळंल."

शिवाची झोप उडाली. गाडीचं नुकसान एक वेळ भरून निघेल, पण मेहुण्याला डावलून ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानेच शब्द मोडला हे अहमदला कळलं, तर लहानपणापासूनची दोस्ती त्या वाफेबरोबरच गेली म्हणायची. या विचाराने तो जागच्या जागी वाळत चालला होता.

इंजिनाच्या पोटात सायकलसारखी एक चेन होती. ती खालच्या चाकावरून वरच्या चाकावर गेलेली. वरचं चाक झडपा उघडायचं नि मिटायचं काम करतं. त्याचा कुठला दात चेनच्या कुठल्या कडीत बसतो हे चुकलं, की झडप पिस्टनवर आपटून वाकलीच म्हणून समजा. म्हणून अष्टमीला हेड उचलण्यापूर्वीच चाचांनी हौसाकडून चिमूटभर कुंकू मागून घेतलं, ऑइलमध्ये कालवलं आणि एका दाताला, एका कडीला आणि खालच्या चाकाला खुणेचा एकेक ठिपका लावला. मग हेड फडक्यात बांधून ते रत्नागिरीला गेले.

नवमीला सकाळी शिवाही तिकडे गेला. दुपारी बाराला घासून चकचकीत झालेलं हेड घेऊन दोघे परतले, तर अंगण नुसतं घमघमत होतं. गोणपाटाभोवती रांगोळी, उदबत्त्या, खोबऱ्याचा नैवेद्य. प्रत्येक नटाला हळद, प्रत्येक बोल्टाला कुंकू. इंजिनाच्या चार पोकळ नळ्यांत झेंडूची चार फुलं नीट बसवलेली. आणि वरच्या चाकाच्या चाळीसच्या चाळीस दातांवर, एकही न वगळता, कुंकवाचं एकेक बोट. चेनचीही एक कडी सुटली नव्हती.

चाचांनी हेड हळूच ओट्यावर ठेवलं.

"सूनबाई, ह्या काय केलंस?"

"काल तुमी एका दाताला बोट लावून उठलात, चाचा," हौसा म्हणाली. "मला वाटला, तुमी खंडेनवमीची पूजा कराय घेतली आनि तुमाला पुढचा ठावा नाय. अर्धी पूजा बरी दिसत नाय, म्हनून मी पुरी केली."

चाचांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. या बाईवर रागवावं तरी कसं, हे त्यांना कळेना. तिने त्यांचा मानच राखला होता.

"मी पुसून टाकू काय?" हौसाने घाबरून विचारलं.

"पुसलंस तर माजा ठिपका पन जायल. आनि नाय पुसलंस तरी माजा कुठचा ता मला कळत नाय."

"कंपनीच्या खुना नसतात काय?" शिवाने कसंबसं विचारलं.

"असतील. वाचायला जपान्याला बोलव."

मग चाचा कामाला बसले. आधी चिमट्याने झेंडू काढले, मग अक्षता. नळ्यांच्या कडेने आत घरंगळलेल्या अक्षता काढण्यात तास गेला. हौसाने देवाला काही कमी पडू दिलं नव्हतं. शेवटचा दाणा निघाला तसे चाचा म्हणाले, "खुना गेल्या तर जाव दे. इंजिन आपनच सांगल."

त्यांनी पहिला पिस्टन अगदी वर आणला. हेडमधला झडपांचा दांडा फिरवत फिरवत पहिल्या नळीच्या दोन्ही झडपा मिटल्या तिथे थांबले, हेड तसंच बसवलं आणि चेन चढवली. मग प्लगच्या भोकातून माडाच्या झावळीचा एक हीर आत सोडला. पिस्टन वर आला की हीर वर, खाली गेला की खाली.

"आता पान्यानं फिरव," ते शिवाला म्हणाले. "हळू. कुठं अडला तर जोर लावू नको. झडप वाकली तर उद्या गाडी नाय, काय नाय."

शिवा फिरवू लागला. त्याचा हात पान्यावर होता आणि डोळ्यांपुढे एस.टी.तून उतरणारा अहमद. हौसा श्वास रोखून हिराकडे बघत होती. इंजिन दोनदा पुरतं फिरलं. कुठे अडलं नाही, कुठे खट वाजलं नाही.

फणसाच्या फांदीला दोर टाकून इंजिन गाडीत उतरवलं आणि चारच्या सुमारास गाडी सुरू झाली. शिवाला रडू येईल असं वाटलं. तो तडक देवळाच्या चढावर गेला आणि तिथे त्याचा आनंद ओसरला. गाडी कण्हत कुथत अशी चढू लागली, की आरतीचं ताट घेऊन निघालेली हौसा तिच्या पुढे गेली. जाता जाता तिने खिडकीत वाकून सांगितलं, "मी पुढं जातंय. तुमी या सावकाश."

गाडी मागे मागे घरंगळत अंगणात आली. चाचा ओट्यावर उकिडवे बसले. शिवाने आता अहमदला काय तोंड दाखवायचं याची मनात जुळवाजुळव सुरू केली. एवढ्यात चाचांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली.

"आपन हेड घासला ना? म्हंजे तो बारीक झाला, खाली बसला. चेन तेवढीच लांब. ती सैल पडली आनि वरचा चाक मागं ऱ्हायला. खालचा 'चल' म्हनतो तवा वरचा अजून चपला शोधतो."

"मग चेन कापायची?"

"आरं, थांब जरा. त्या चाकाला मधी खुंटीची तीन भोका हायत. कालपासनं मी विचार करतोय, एक खुंटी आनि भोका तीन कशाला?"

तीन भोकांमध्ये केसभर फरक होता. ते चाक मागे पडलं तर पुढे सरकवून घेण्यासाठीच जपान्याने करून ठेवलेलं. खुंटी पहिल्या भोकात होती. चाचांनी चाक उतरवलं, दुसऱ्या भोकात बसवलं, शिवाने पुन्हा पाना हळूहळू फिरवला आणि दिवेलागणीच्या आत गाडी देवळाचा चढ एका दमात चढून गेली. पुजारी दचकून बाहेर आला. चाचा आपलं सामान पिशवीत भरत म्हणाले, "अमदला माजा सलाम सांग. बाकी काय सांगू नको."

दसऱ्याला अकराला अहमद उतरला. शिवा गाडी धुऊन पुसून स्टँडवर उभाच होता. अहमदने मिठी मारली, पण चेहरा उतरलेला. बॅगा टाकून तो बाजूच्या सीटवर बसला. "घरी मागनं जाव. आधी हातखंब्याच्या चढाला घे. तूच चालव."

शिवाने गाडी वळवली. सपाटीवर म्हणणारा माणूस आल्या आल्या चढ सांगतो, म्हणजे कोणीतरी पत्राने कळवलंच. चढभर अहमद दाराची मूठ घट्ट धरून इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे टक लावून बघत होता. काटा हलला नाही. गाडी भराभर वर आली.

"थांबव," अहमद म्हणाला. तो उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि मान खाली घातली. "शिवा, मला माफ कर. मी तुला बिघडलेली गाडी दिली. जायच्या आठ दिवस आधी मी आंबा घाटात तिचा इंजिन तापवून जाळला. एकानं कायतरी चोपडून दिला नि बोलला, सपाटीवर चालंल. ता तुला सांगितला असता तर तू घेतली नसतीस. वर्षभर मला झोप नाय. वाटायचा, ही कुठं बंद पडंल आनि हा बिचारा आपली चूक समजून बसंल."

मग शिवाच्या तोंडातून सगळं भडाभडा बाहेर पडलं. घाट, वाफ, ट्रक, फारुकचाचा, चाळीस दात आणि चार झेंडू. "मीच तुजा शब्द मोडला. मलाच माफ कर."

अहमद हिशेब जुळवल्यासारखा म्हणाला, "म्हंजे गाडी मोडली मी, दुरुस्त केलीस तू, आनि माफी पन तूच मागतोस?"

शिवाला हसू आवरेना. अहमदही हसत हसत रस्त्याकडेच्या दगडावर बसला. येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी बंद पडली समजून वेग कमी केला, तेव्हा दोघांनी हात हलवून त्याला जायला सांगितलं.

हसू ओसरल्यावर शिवाला पोटात काहीतरी विचित्र होतंय असं वाटलं. ते काय आहे हे ओळखायला त्याला थोडा वेळ लागला, कारण पंधरा दिवसांत त्याला भूक अशी लागलीच नव्हती.

"अमद्या," तो म्हणाला, "घरी जायच्या आधी स्टँडवर भजी खाव या काय?"