नागनाथअप्पांचा तांब्या

आपल्याकडे सकाळच्या वेळी हातात तांब्या घेऊन गावाबाहेर निघालेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही, कुठं निघालात म्हणून विचारत नाही, आणि शहाणा माणूस तर त्याच्याकडे बघतही नाही. आमच्या मुरुमचे आमदार नागनाथअप्पा यांनी या एवढ्याशा सभ्यपणाच्या जोरावर निम्म्या जिल्ह्याचे ठेकेदार घायकुतीला आणले होते.

नव्या रस्त्याचं काम चाललेलं असायचं. मुकादम बाभळीखाली विडी ओढत बसलेला. लांबून धोतर, पटका आणि हातात तांब्या असा एक गृहस्थ येताना दिसायचा. मुकादम भिडेनं तोंड फिरवायचा. जरा वेळानं मान वळवून बघतो तर गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसलेले.

"ओ पावनं," मुकादम ओरडत धावायचा, "हितं कुठं बसताव? तिकडं वगळीत जावा की."

जवळ गेल्यावर त्याला दिसायचं, की पाव्हण्यांनी तांब्याच्या झाकणाची फिरकी सोडवून पाणी रस्त्यावर ओतलंय आणि ते टक लावून त्या पाण्याकडे बघतायत.

"पाणी काय म्हणतंय ते ऐकतोय," अप्पा शांतपणे सांगायचे. "म्या हितला आमदार हाय."

अप्पांचं शास्त्र सोपं होतं. रस्ता नीट बांधला असेल तर मधोमध ओतलेलं पाणी दोन्ही बाजूंना सरळ उतरून जातं. थांबलं तर उतार चुकला. मुरलं तर खाली दबाई झालेली नाही. मग अप्पा उठायचे, धोतर झटकायचे आणि दोनपैकी एक शब्द उच्चारायचे: मंजूर किंवा नामंजूर. दुसरा शब्द जास्त वेळा ऐकू यायचा. जळकोटजवळ एका ठेकेदारानं हात जोडून सांगितलं, की साहेब, कागदावर सगळं बरोबर आहे. अप्पा म्हणाले, "मग गाड्या कागदावरनं न्या."

मी शाळेत मास्तर आणि अप्पांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. अप्पांचं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं. बोलायचे मराठीत, बाजारात भांडायचे कानडीत आणि सही ठोकायचे उर्दूत. बांधकाम खात्याला ते शेवटपर्यंत तामीरात म्हणत आणि तपासणीला मुआयना. त्यामुळे विधानसभेत विचारायचे प्रश्न मराठीत उतरवून काढायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. बिनपगारी, हे सांगायला नकोच. मुआयन्यालाही मला सोबत नेत, कारण ठेकेदार चिडला तर साक्षीला कोणीतरी हवं.

एकदा आमच्याच शाळेच्या नव्या इमारतीचं उद्‌घाटन होतं. धाराशिवहून मोठे साहेब आलेले, हारतुरे झालेले, मुली स्वागतगीत म्हणत होत्या. अप्पा व्यासपीठावर दिसेनात. मला धडकी भरली. बाहेर जाऊन बघतो तर ते शिडी लावून छतावर चढलेले आणि शाळेच्या शिपायाकडून घागरीमागून घागर वर मागवतायत. मी ओरडणार तोच आत स्वागतगीत थांबलं. नेमकं साहेबांच्या टाळूवर पाणी टपकत होतं. साहेब सज्जन होते. त्यांनी खुर्ची सरकवली. पाणीही सरकलं. छतावरून आवाज आला, "मास्तर, लिवून घ्या. नामंजूर."

मुंबईला गेल्यावर सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या समितीवर त्यांची नेमणूक झाली आणि तिथल्या साहेबलोकांचीही झोप उडाली. एका बैठकीत एका अधिकाऱ्यानं म्हणे नव्या तलावाची जाडजूड फाईल वाचून दाखवली. अप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तलावात पाणी थांबलं का?" अधिकारी म्हणाला, थोडी गळती आहे. "आन् तिथं जायच्या रस्त्यावर?" रस्त्यावर, अधिकारी म्हणाला, पावसाळ्यात जरा साचतं. अप्पा म्हणाले, "साहेब, रस्त्यावर पाणी थांबू नये, तलावात थांबावं. तुमच्या खात्यानं तेवढं उलटं केलंय."

हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. थोडं मीठमसाला लावलेलं असणार. पण आमदारानं स्वतःच्या भाषणाला मीठमसाला लावायचा नाही तर कोणी लावायचा?

आता ओढ्याचं सांगतो. राज्यांची फेरवाटणी झाली तेव्हा आम्ही मुंबई राज्यात आलो आणि गावापासून कोसाभरावरच्या ओढ्यापलीकडची गावं म्हैसूर राज्यात गेली. आदल्या दिवसापर्यंत तो नुसता ओढा होता, म्हशी डुंबायच्या. एका रात्रीत तो सरहद्द झाला. म्हशींना कोणी कळवलं नाही. पण बाजाराला लवकरच कळलं. पलीकडची मिरची, तूर, भुईमुगाच्या शेंगा आमच्या बाजारात यायच्या. इकडचं कापड, भांडी, अवजारं तिकडे जायची. पूर्वी पावसाळ्यात ओढ्यात दगडगोटे टाकून गाडीवाट ठेवली जायची. आता ते टाकायचे कोणी? मुंबईवाले म्हणत म्हैसूरनं, म्हैसूरवाले म्हणत मुंबईनं. गाड्या गुलबर्ग्याकडे वळल्या. आमचे आडतदार दुकानात बसून माशा मारायला लागले.

अप्पांनी पुलाची मागणी लावून धरली. उत्तर आलं, की राज्याची हद्द ओढ्याच्या मध्यापर्यंत असल्यानं तेवढ्याच भागाचा विचार करता येईल. अप्पा विधानसभेत उभे राहिले आणि म्हणाले, की अर्ध्या पुलावरून माणसाला फक्त उडी मारता येते, आणि त्यासाठी आमच्या गावात विहिरी आहेत. सभागृह हसलं. पण अप्पा हसवण्यासाठी बोलले नव्हते.

ओढ्यापलीकडे हिरेहळ्ळी नावाचं गाव होतं, आणि तिथं अप्पांची एकुलती एक लेक दिली होती. शांता तिचं नाव. आई लहानपणीच गेली, अप्पांनीच तिला वाढवलं, वेणीफणीसुद्धा केली. वेणी वाकडी व्हायची असं ती सांगते. पंचमीच्या आधी अप्पा तिला भेटायला निघाले की मीही जायचो, कारण शांताच्या हातच्या शेंगाच्या पोळ्या. मी ओसरीवर बसून पोळ्यांवर तूप ओतून घ्यायचो, आणि अप्पा शेजारी बसून स्वतःच्या फडक्यातली घरून आणलेली भाकरी खायचे आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे.

जुन्या घरांतली ती रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षं चालणारी गोष्ट. शांताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. अप्पा भाकरीचा तुकडा मोडत जावयाशी पाऊसपाण्याचं बोलत राहायचे. शांता दाराआड उभी राहून बापाला आपल्या दारात परक्यासारखं जेवताना बघायची. मी तिसरी पोळी मागायचो, काहीतरी बोलायचं म्हणून.

अशाच एका फेरीहून परतताना अप्पांनी तांब्यात उरलेलं पाणी वाटेतल्या नव्या मोरीवर ओतलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साऱ्या बांधकाम खात्याला घाम फोडणारा तो तांब्या ठेकेदारांसाठी घेतलेलाच नव्हता. तो लेकीच्या घरी जाण्यासाठी घेतला होता. रस्त्यांच्या वाट्याला यायचं ते उरलेलं पाणी.

पुलाला दोन्ही सरकारं राजी होत आली, तेव्हा बाजारात सभा झाली. तिथं एक आडतदार उठला. अप्पांनी त्याच्या मेव्हण्याचा रस्ता नामंजूर केला होता, तो राग होता. तो म्हणाला, "अप्पा दुसऱ्याच्या पै-पैचा हिशेब मागत्यात. आन् सोता सरकारच्या पैशानं लेकीच्या दारापातुर पायवाट बांधायलेत."

अप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला. असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"बरोबर इचारलंत," ते म्हणाले. "इचाराय पायजे. तर ऐका. पूल व्हईल, मालाच्या गाड्या त्यावरनं जातील, मग म्या जाईन. तवर वढा वलांडला तर आमदारकी सोडीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या लेकी गावातच दिलेल्या होत्या.

त्याच सुमारास शांताची सासू अर्धांगानं अंथरुणाला खिळली. तिला सोडून माहेरी मुक्कामाला यायचं शांताला जमेना. मग बाजारच्या दिवशी बाप ओढ्याच्या अलीकडे आणि लेक पलीकडे, असा प्रकार सुरू झाला. पावसाळ्यात दोघं ओरडून बोलायचे. गावाला सगळं ऐकू जायचं: सासूचा काढा, म्हशीचं दूध, विधानसभेत काय झालं. उन्हाळ्यात ओढा कोरडा पडायचा, मधे नुसती वाळू. एकदा शांता म्हणाली, "अप्पा, तुमी नगा येऊ, मीच येते की चार पावलं."

"येऊ नगंस," अप्पा गडबडीनं म्हणाले. "कुनी बघितलं तर मुंबईला कळवतील, आमदाराची लेक चालत येती, पूल कशाला पायजे म्हनून."

मी म्हटलं, "अप्पा, हे अती होतंय."

"मास्तर, तुमाला सरकार म्हाईत न्हाय," ते म्हणाले. आणि कोरड्या वाळूच्या दोन काठांवर बापलेक उभे राहून बोलत राहिले.

पुलाचं काम सुरू झालं तसा अप्पांनी तिथंच मुक्काम ठोकला. ठेकेदाराचे हाल सांगायला नकोत. पूल बांधून झाला तेव्हा पंचमी तोंडावर आली होती. मुआयना आला. अप्पांनी अलीकडच्या टोकाला पाणी ओतलं, मंजूर. मध्यावर ओतलं, मंजूर. पुढं त्यांचा पाय जाईना, शब्द दिलेला. ठेकेदार हसून म्हणाला, "आता ऱ्हायलेलं टोक तुमच्या राज्यात न्हाय, आमदारसाहेब."

"पाण्याला राज्य कळत न्हाय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पलीकडे हाक मारली, "शांते, घागर वत. आन् काय दिसतं ते खरं सांग."

शांता काठावर घागर घेऊन उभीच होती. या पंचमीला बाप घरी येणार म्हणून तिनं ओसरी सारवून ठेवली होती, ते तिनं आदल्या बाजारी ओरडून सांगितलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. तिनं पुलाच्या त्या टोकाला घागर ओतली आणि बघत राहिली. ठेकेदार तिच्याकडे बघत होता. मीही बघत होतो. खोटं सांग, असं मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, देवाशपथ म्हणत होतो. एक शब्द बोलली असती तरी काम भागलं असतं.

"अप्पा," ती म्हणाली. शब्द न् शब्द ऐकू आला. "पाणी थांबलंय. उतरंना झालंय."

अप्पांनी तांब्याची फिरकी आवळली. मग म्हणाले, "नामंजूर." आणि पाठ फिरवून गावाकडे चालायला लागले. घराच्या दारात आल्यावर एवढंच म्हणाले, "लेक कुनाची हाय ती, मास्तर." त्या दिवशी त्यांच्याइतका गर्विष्ठ आणि त्यांच्याइतका एकटा माणूस मी दुसरा बघितला नाही.

ते टोक फोडून पुन्हा करायचं ठरलं. मधेच पाऊस लागला, ओढा भरला, काम पुढं ढकललं गेलं. पंचमी हुकली, दिवाळीही हुकली.

पूल खुला झाला तो ऐन तुरीच्या हंगामात. पलीकडे मिरचीच्या आणि तुरीच्या गाड्यांची रांग लागली होती. आमच्याकडचे आडतदार नवे पटके बांधून आले होते, त्यात तो सभेतलाही होता. अप्पांनी फीत कापली आणि बाजूला झाले. सगळ्या गाड्या जाऊ दिल्या. तिकडच्या इकडे आल्या, इकडच्या तिकडे गेल्या, धुरळा खाली बसला. तेव्हा कुठं त्यांनी पुलावर पाय ठेवला. मध्यावर थांबून सवयीनं तांब्या ओतला. पाणी दोन्ही बाजूंना सुरेख उतरलं. मग ते पलीकडे गेले आणि मी त्यांच्या मागं.

शांता पुलाच्या त्या टोकाला, पुन्हा केलेल्या जागेवरच उभी होती. कमरेवर तीच घागर. अप्पांनी रिकामा तांब्या तिच्यापुढं धरला.

"अप्पा, आमच्या आडाचं पाणी हाय ह्ये," ती हळूच म्हणाली.

"म्हाईत हाय."

"पर मला अजून..." भोवतालच्या म्हाताऱ्या माणसांनाही रीत ठाऊक होती.

"शांते," अप्पा म्हणाले, "साऱ्या सरकारचा मुआयना केला म्या. ही एक रीत तपासायची ऱ्हाऊन गेली बग. लई वरसं गेली त्यात. घाल पाणी."

तिनं घागर कलती केली. अप्पांनी तांब्या वर धरून घटाघटा धार तोंडात सोडली. निम्मं पाणी मिशीवरून, सदऱ्यावरून खाली पुलावर सांडलं. मी मान खाली घालून ते कुठं जातं ते बघत राहिलो. सवय लागली होती, आणि शिवाय वर बघवत नव्हतं.

अप्पांनी तोंड पुसलं. मंजूर म्हणाले नाहीत, नामंजूर म्हणाले नाहीत. तांब्या परत तिच्यापुढं धरला.

"अजून घाल," म्हणाले.