भेरेअण्णांची मोजणी

वृद्धाश्रमात माझा पहिला दिवस होता. जेवणाच्या हॉलमध्ये मी खुर्ची ओढून बसले तर समोरचे उंच, वाळके आजोबा उठले, माझ्या खुर्चीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकत गेले, परत आले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "बाई, तुमची खुर्ची वहिवाटीत आलीय. दीड हात मागं घ्या."

मी किन्हवलीच्या शाळेत तीस वर्षं मुलांना जागेवर बसवलं. मला जागेवरून उठवणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. मी मुकाट्यानं दीड हात मागं सरकले. आजोबांनी पुन्हा पावलं टाकली, मान हलवली आणि म्हणाले, "आता हद्द कायम."

हे भेरेअण्णा. मूळचे मुरबाडकडचे. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आता त्यांना विस्मरणाचा आजार आहे. सकाळी नाश्ता केला का, हे दहा वाजता आठवत नाही, पण मोजणीचा एकही नियम विसरलेले नाहीत. आटगाव स्टेशनपासून रिक्षानं वीस मिनिटांवरचा आमचा हा आश्रम म्हणजे वादातली जमीन आहे आणि तिची मोजणी करायला सरकारनं आपल्याला पाठवलंय, अशी त्यांची पक्की समजूत आहे. मोजणी गेली तीन वर्षं चालू आहे. संपत नाही, कारण दोन्ही बाजू कधी एका वेळी हजर नसतात.

"दोन्ही बाजू हजर पायजेत. त्याबिगर फीत उलगडायची नाय." हे त्यांचं दिवसातून दहा वेळा म्हणायचं वाक्य. खरं तर फीत त्यांच्याकडं नाहीच. मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्यांनी सोडून आणली, हाताहातावर गाठी मारल्या आणि ती मोजणीची साखळी म्हणून गळ्यात घातली. आश्रमानं दुसरी दोरी बांधली. तीही गेली, कारण मोठ्या क्षेत्राला एक साखळी पुरत नाही. आता आमचे कपडे कुंपणावर वाळतात.

त्यांच्या खोलीत गायकवाडसाहेब राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, दर बुद्धपौर्णिमेला सगळ्या आश्रमाला स्वतः ढवळलेली खीर वाढणारे. त्यांच्या चपला अण्णांच्या कॉटखाली जरा जायच्या. अण्णांनी त्यांना मोजणीची रीतसर नोटीस दिली, वहीच्या कागदावर, खाली सही करून. ठरल्या दिवशी गायकवाडसाहेब खोलीत हजर राहिले, मी पंच म्हणून दारात उभी राहिले आणि अण्णांनी दोन्ही कॉटच्या मधून खडूनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी फरशी पुसणाऱ्या मंदानं ती पुसून टाकली. अण्णांनी पुन्हा मारली. हे रोजच सुरू झालं. शेवटी गायकवाडसाहेबच रेघ पुसली की मंदाला ओरडू लागले, कारण मोजणीत त्यांच्या बाजूला चार बोटं जास्त आली होती.

अण्णांची मुलगी कल्याणला बँकेत आहे. दर रविवारी येते. अण्णा तिला मॅडम म्हणतात, खुर्ची देतात आणि कामाचा अहवाल सांगतात. काम लांबल्याबद्दल माफी मागतात. तीही गंभीर तोंडानं ऐकते, वहीवर सही करते, बरं चाललंय म्हणते आणि मग व्हरांड्याच्या टोकाला जाऊन जरा वेळ रस्त्याकडं बघत उभी राहते.

तर असा आमचा कारभार हसतखेळत चालला होता. त्यात सोनीआजी आल्या.

सोनीआजी सत्तरीच्या. त्यांचंही दुखणं अण्णांसारखंच, पण त्यांना दुसरं काही नको, घरी जायचं. दिवसभर बऱ्या असायच्या, मटार सोलायच्या, गाणी म्हणायच्या. दुपारचे चार वाजले की लुगड्याचं गाठोडं बांधून फाटकाशी उभ्या. "मला घरा जायचाय गो. आय वाट बघत आसल." कुणी सांगायचं उद्या जाऊ, कुणी सांगायचं गाडी बंद आहे. आजी भोळ्या असतील, पण खोटं त्यांना कळायचं. मग रडायच्या, हात झिडकारायच्या. एकदा दुधाच्या गाडीमागून बाहेर सटकल्या. दोन तासांनी किन्हवलीच्या रस्त्यावर एका मोरीच्या कठड्यावर बसलेल्या सापडल्या, पायात चप्पल नाही.

त्यांचा भाचा डोळखांबहून धावत आला. त्याच्याकडून कळलं की आजी कुठल्या घराबद्दल बोलतात. डोळखांबच्या सासरच्या नव्हे, माहेरच्या. आणि ते गाव आजी दहा-अकरा वर्षांच्या असतानाच धरणाच्या पाण्यात गेलं होतं. त्या घरी नेणार कुणाला आणि कसं? भाचा निघताना म्हणाला, पुन्हा असं झालं तर शहरात एक ठिकाण बघितलंय, तिथं दाराला कुलूप असतं. आश्रम चालवणाऱ्या सुनंदाताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आजी फाटकाशी गेल्या. मंदा त्यांचा दंड धरायला निघाली, तेवढ्यात गळ्यात दोरी घातलेले अण्णा मधे आले.

"घरा जायचाय? अर्ज केलास?"

आजी गोंधळल्या. अण्णांनी वही उघडली. घर कुठं आहे ते कागदावर नको का, असं त्यांनी समजावून सांगितलं. चतुःसीमा लागतात. घराच्या चारी बाजूंना काय काय आहे ते सांग.

आजींनी गाठोडं खाली ठेवलं. इतक्या दिवसांत त्यांना घराबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, सगळे फक्त नाही म्हणत होते. त्या सांगू लागल्या. पूर्वेला चिंच. दक्षिणेला चुलत्याचं खळं. उत्तरेला वहाळ, त्यात खेकडे. पश्चिमेला मोहाचं झाड. अण्णा एकेक बाजू विचारायचे, लिहायचे, वहाळ किती पावलांवर म्हणून खोदून विचारायचे. अर्धा तास गेला. आजींचा चेहरा उजळला होता. वही मिटून अण्णा म्हणाले, अर्ज साहेबांकडं जाईल, उद्या या. आजींनी गाठोडं उचललं आणि चहाला गेल्या.

मग रोजचंच झालं. चार वाजले की फाटकाशी मोजणी. अण्णांना कालची आठवत नसे, आजींनाही नसे, त्यामुळं दोघांचाही उत्साह कमी होत नसे. सुनंदाताईंनी हे बघून कामाच्या सगळ्या बायांना सांगून टाकलं की कुणी घरी जायचं म्हणालं तर नाही म्हणायचं नाही, घर कसं आहे ते विचारायचं. गायकवाडसाहेबांनी फाटकाजवळ एक बाक आणून टाकला. अण्णांनी तो मोजून दोन हात सरकवला. शहरातल्या कुलपाचं नाव भाच्यानं पुन्हा काढलं नाही.

असे पाच-सहा महिने गेले. मग एक दिवस आजी पश्चिमेला अडल्या. चिंच झाली, खळं झालं, वहाळ झाला आणि पुढं काही येईना. "पश्चिमेला... पश्चिमेला काय गो, बाई?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या गाठोड्याची गाठ सोडू-बांधू लागल्या. स्वतःचं घर एका बाजूनं उघडं पडलं होतं.

वहीत लिहिलेलं होतं. मी सांगणार, तेवढ्यात अण्णा वही न उघडताच बोलले. "पश्चिमेला मोह. दोन खोडांचा. एका खोडाला तुझ्या बापानं म्हशीची साखळी बांधलेली. झाड वाढलं तशी ती सालीत रुतलेली."

आजींचे हात थांबले. "हां," त्या हळूच म्हणाल्या. "रुतलेली."

ही साखळी आजींनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. एवढ्या महिन्यांत एकदाही नाही.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात मी अण्णांना विचारलं. मला वाटलं, विसरले असतील. पण जुनं त्यांना कालच्यापेक्षा जवळ असतं. त्यांनी सरळ सांगितलं. पहिली नेमणूक आजींच्या गावच्या त्याच धरणाची होती, वय बावीस. त्या खोऱ्यातली घरं मोजली, झाडं मोजली. पाणी कुठवर येणार त्या खुणेचे दगड त्यांनीच रोवले. लोक विचारायचे, साहेब, आमचं घर राहील ना? आणि दगड तर घराच्या वरच्या अंगाला रोवलेला असायचा, म्हणजे घर पाण्याखाली जाणार हे ठरलेलं.

"नंतर कवा गेलो नाय तिकडं," अण्णा म्हणाले. मग दोरीची एक गाठ त्यांनी घट्ट ओढली. "तिला सांगू नका, बाई."

दुसऱ्या दिवशी चार वाजता आजी बाकावर बसल्या, पण चतुःसीमा सांगेनात. अण्णांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी आमच्या गावात आलेलात."

अण्णा म्हणाले, "आलेलो."

"आयनं तुमाला गूळ दिलेला. मी तांब्या आणलेला."

"पितळेचा," अण्णा म्हणाले.

"कशाला आलेलात?"

नोकरीत एक आकडा कधी खोटा टाकला नाही, हे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. त्यांनी वही मिटली. पेन खिशाला लावलं.

"पाणी प्यायला," ते म्हणाले.

आजी समाधानानं हसल्या. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आमच्या विहिरीचं पाणी लय गोड हाय."