देवेशची कुजबुज

"बिबट्या जरी समोर आला ना, तरी कान पिळून त्याला घरी पाठवीन!" डोंगरावर फिरायला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता देवेशने जाहीर केलं. सहा वर्षांच्या उन्नतीचे डोळे मोठे झाले. आपला बाबा कशाला म्हणजे कशालाच घाबरत नाही, अशी तिची पक्की खात्री होती. आणि बायको हसो की शेजारी हसोत, ती खात्री देवेशला जिवापाड जपायची होती!

त्याची आई धोंडूबाई मात्र दारातच अडून बसली. "अरं, त्या डोंगराला राखणदार हाय! वर मोठ्यानं बोलू नको. त्याला कालवा चालत न्हाय!"

"हळूच बोलू गं!"

आता यांचं हळू म्हणजे काय, ते सांगायला हवं. भिवंडीतलं त्यांचं घर कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याला भिंतीला भिंत लावून. दिवसरात्र खटाखट! या घरात मीठसुद्धा भांडण काढल्यासारखं मागतात.

वडपे गावाच्या पुढचा तो डोंगर अर्धा चढून होईतो तिघं वाट चुकली. कारवीची झुडपं डोक्याच्या वर गेली, मोबाईलची रेंज गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज गेला. अशी शांतता देवेशने जन्मात ऐकली नव्हती. बायकोला, निशाला, बाजूला घेऊन तो अगदी तिच्या कानाशी कुजबुजला, "वाट चुकलोय! मला जाम भीती वाटतेय! पोरीला कळू देऊ नकोस!"

"डावीकडं सरकाऽऽ!" डोंगर बोलला.

देवेशला दरदरून घाम फुटला. आवाज वरून आला की खालून, काही कळेना. निशाने त्याचा दंड गच्च धरला.

"राखणदार!" तो पुटपुटला. "पण आपण कालवा केला कुठं? चुकलं रे देवा! नारळ फोडीन!"

"नारळ राहू दे! पुढं कडा हाय, मागं फिराऽऽ!"

देवेशने कारवी बाजूला सारली. पावलापुढे जमीनच नव्हती! खाली नुसती दरी. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण हातात उन्नतीचा हात होता! त्याने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं.

"बाबा, तू थरथरतोयस!"

"थंडी वाजतेय गं!"

"भर उन्हात?"

निशाचेही दात वाजत होते.

डोंगराने सांगितलं तसं डावीकडे सरकत सरकत तिघं एकदाची पायवाटेला लागली. तिथे सरू नावाची एक पाड्यावरची बाई मोळी बांधत होती.

"मघापासनं बोंबलत व्हतं ते तुमीच का?" तिने विचारलं. "कितीदा वरडून वाट सांगितली!"

"बोंबलत? आम्ही कुजबुजत होतो!"

"कुजबुज? अवो दादा, माझा नवरा वाघ्या तिकडं खाली पाड्यावर हाय. त्याला पन कळलं असंल, तुमी भ्यालाव ते!"

देवेशने मान खाली घातली. उन्नती त्याच्याकडे टक लावून बघत होती. म्हणजे पोरीनेही सगळं ऐकलं होतं तर!

भिवंडीच्या बाजारात शिरताच त्याने तिला कुल्फी घेऊन दिली. मग आणखी एक दिली. "आजीला सांगायचं नाही हं!"

"प्रॉमिस!" उन्नती म्हणाली, आणि दोन्ही कुल्फ्या संपवल्या.

घरी पोचल्या पोचल्या ती आजीच्या मांडीवर चढली. पलीकडे लूमची खटाखट जोरात चालू होती. तिने आजीच्या कानाला तोंड लावलं. "कानात सांगते हं! कुण्णाला सांगू नकोस!"

आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले.

"बाबा डोंगराला जाम घाबरला! नारळ फोडीन म्हणाला! लटलट कापत होता, पण मला नाही सोडलं त्याने!"

"हळू बोल गं बाय, लोकं ऐकतील!" धोंडूबाई कुजबुजली. ते नाक्यावरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं.

भिंतीपलीकडून लूमवाला कारागीर ओरडला, "देवेशभाई! वो नारियल फोड़ा कि नहीं?"