ताक्याने मोजिलेले गटार

श्रीकानबाई प्रसन्न. तापीतीरीचे सुरत बंदर, त्याचे दक्षिणेस बमरोली नामे मुलूख, तेथे शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरी, सरितानगर सोसायटीचे एकसष्ट रो-हाउसांस गटाराची लाइन कैसी प्राप्त जाहली, त्या कामी कोण चिखलात पडले, कोणाची फजिती जाहली आणि यश कोणाचे पदरी आले, हे साद्यंत लिहोन ठेवणे प्राप्त आहे. कां की पुढे लोक मोरीत पाणी ओततील, ते गुडगुड करोन निघोन जाईल, आणि यामागे काही रण माजले होते हे कोणाचे गावीही नसेल. ऐशा बेफिकीर लोकांकरिताच ही लेखणी उचलिली. ज्यास गटाराची हकिगत म्हणोन नाक मुरडावयाचे असेल, त्याने आधी आपले घरची मोरी चार दिवस तुंबवोन पाहावी, मग बोलावे.

तरी मूळ कारण ऐसे. राजेश्री निंबाजी पाटील, यंत्रमागावरील लूमबहाद्दर, हजार दोऱ्यांत तुटका दोरा नुसत्या आवाजावरोन ओळखणार, अकरा वर्षांमागे खानदेश सोडोन सुरतेस दाखल जाहले, आणि त्यांचे कुटुंब सौभाग्यवती धुरपदाबाईसाहेब पितळी हंडा डोईवर घेवोन मागोमाग आल्या. निघते समयी सासूबाईंनी आज्ञा केली की, श्रावणात कानबाई बसवणे ती स्वतःचे उंबऱ्याआत बसवणे, भाड्याचे खोलीत देवीस आणू नये. बाईसाहेबांनी ती आज्ञा शिरसावंद्य मानिली. मग अकरा श्रावण आले आणि अकरा गेले. नागपंचमीनंतरचे रविवारी भोवतालचे गल्लीत खानदेशी लोक नारळाची कानबाई सजवीत, डफ वाजवीत, सव्वा मुठीचे हिशेबाने नैवेद्याचे रोटाचे गहू दळीत, आणि बाईसाहेब दहा बाय दहाचे खोलीचे दार लावोन उगाच तांदूळ निवडीत बसत. त्या दिवशी त्यांचे काळजास घरे पडत, आणि निंबाजी ते जाणोन पाळी नसतांही कारखान्यात निघोन जात.

ऐशास सरितानगर उभे राहिले. भिंती जाहल्या, लाद्या बसल्या, बावीस नंबरचे दारावर निंबाजींचे नावाची पाटीही लागली. मध्यभागी एक मोठा मोकळा तुकडा सोडोन त्यावर हिरवी पाटी ठोकिली की, ही जागा बागेची. आणि त्या बागेत सहा म्हशींनी तळ दिला, त्या कोणाच्या बापाच्यानेही हालत ना. बागेचे मागे उघडा नाला, त्यात डासांचे अक्षौहिणी सैन्य. सर्व सिद्धता जाहली, परंतु म्युनिसिपालिटीचे कचेरीचे फर्मान होते की, गटार नाही तोवर कब्जा नाही. कुलपे दारास आणि किल्ल्या बिल्डराचे खिशात. बाईसाहेब रोज सांजचे तेथवर चालत जात, खिडकीचे गजातून आपली मोरी, आपला ओटा, आणि ज्या कोनाड्यात देवी बसवावयाची तो कोनाडा पाहात, आणि परत येत. निश्चय केला की, बारावा श्रावण चुकवणे नाही.

फाल्गुनमासी मसलत बैसली. सोसायटीचे मंत्री, म्हणजे सेक्रेटरी, लक्ष्मणराव, मूळचे परभणी प्रांतीचे, कागदपत्री मोठे निष्णात, यांनी अर्जाचा नमुना वाचोन दाखविला. त्यात रकाना होता की, लाइनीची लांबी किती मीटर. कोणी म्हणे टेप आणावी, कोणी म्हणे पावले मोजावी, आणि तंटा वाढोन लक्ष्मणरावांचे पावलाची लांबी किती यावर येवोन ठेपला. तेव्हा निंबाजी उठोन उभे राहिले. त्यांनी जाहीर केले की, आपण आयुष्यभर मीटरच मोजीत आलो, लूमवरोन उतरलेला ताका बरोबर शंभर मीटरांचा, त्यावर मोहोर असते, त्यात सुताचाही फरक नाही. डागी क्रेपचा एक कोरा ताका शेठ कारखान्यातून खुशीने देतील, त्यानेच जमीन मोजोन काढू. हे ऐकोन सभेस आनंदाचे भरते आले. एकसष्टही घरची माणसे लूमवाली, टेपेपेक्षा ताक्यावर भरवसा अधिक. बाईसाहेबांचीही छाती फुगली, हे खोटे कां लिहावे.

मग रविवारी मोहीम निघाली. आघाडीस निंबाजी ताक्याचे एक टोक कमरेस बांधोन, पिछाडीस लक्ष्मणराव दुसरे टोक मुठीत धरोन, मध्ये चाळीस असामी कापड उचलोन, आणि सभोवार बायका, त्यांत बाईसाहेब पाण्याची कळशी घेवोन. दरवाजापासोन जो खड्डेमय रस्ता बागेकडे जातो, त्यात कारखान्यांचे पाणी गुडघाभर साचलेले. त्यात फौज शिरली. कापड भिजले, चिखलाने माखले, परंतु कोणी माघार घेतली नाही. बागेपाशी म्हशींनी वाट अडविली. एक म्हैस ताक्यावर बैसली, तीस उठवावयास पाऊण तास लागला, आणि उठते समयी तिने निंबाजींस नाल्याकाठचे दलदलीत असे लोटिले की, नुसती टोपी दिसत होती. तरी त्यांनी टोक सोडिले नाही. अखेर नाल्याचे काठी येवोन मोजणी ठरली: पाच ताके आणि वर चाळीस, एकूण पाचशे चाळीस मीटर. लक्ष्मणरावांनी तो आकडा अर्जात सुवाच्य अक्षरी लिहिला आणि एकसष्ट सह्या घेतल्या.

वैशाखात मंजुरी आली. सिमेंटचे पाइप ट्रकांनी येवोन रचिले, आणि बाईसाहेब त्यांवरोन हात फिरवीत, जैसे कोणी नवे घोडे पाहावे. परंतु ज्येष्ठात डेप्युटी इंजिनेर नायकसाहेब खासा स्वारीने आले. बरोबर लोखंडी टेप. त्यांनी दरवाजापासोन नाल्यापर्यंत मोजिले, पुन्हा मोजिले, चष्मा पुसोन तिसऱ्याने मोजिले. भरले चारशे बत्तीस. साहेबांनी फाइल मिटली आणि फर्माविले, "माप खोटुं छे." एकशे आठ मीटर पाइप जास्त मागितले, सबब कारस्थानाचा संशय, काम बंद, नवी मोजणी, नवी फाइल, दिवाळीनंतर.

तेव्हा सरितानगरावर वीज कोसळली. लक्ष्मणराव, परभणीचा सिंह, पाइपांचे ढिगावर मटकन बैसले. निंबाजींस लोकांनी बोल लाविले की, काय हो, तुमचा ताका काय म्हशीने खाल्ला? निंबाजी ताक्याची शपथ वाहात, लूमची शपथ वाहात, कोणी ऐकेना. बाईसाहेब खोलीवर आल्या, भाकरी थापिली, ताट निंबाजींपुढे ठेविले आणि तोंड फिरवोन बैसल्या. दिवाळी म्हणजे श्रावण गेला. निंबाजींस रणात म्हशीने लोटिले तेव्हा जे दुःख जाहले नव्हते ते आता जाहले.

ऐसे दोन दिवस गेले. तिसरे दिवशी बाईसाहेबांची दृष्टी कोपऱ्यातील गाठोड्यावर गेली. तोच मोजणीचा ताका, चिखलाने काळा, शेठजींनी नको म्हणोन परत दिलेला. बाईसाहेबांचे मनात आले की, देवी बसो न बसो, कापड वाया कां जावे, धुवोन शेजारणींस पडद्यांस वाटू. मग उषाबाई आणि मालतीबाई या दोन शेजारणींस घेवोन त्यांनी ते कापड बोअरिंगचे पाण्यावर आपटोन धुतले, दोरीवर टाकिले, आणि वाळल्यावर हाताने मोजावयास बैसल्या. बाईसाहेबांचा हात कोपरापासोन बोटापर्यंत बरोबर अर्धा मीटर, हे सर्व बमरोलीस ठावे होते. मोजीत गेल्या आणि एकशे साठ हातांवर कापड संपले. पुन्हा मोजिले. पुन्हा एकशे साठ. मग त्या तशाच ओल्या पदराने धावत कारखान्याचे दाराशी गेल्या आणि लूमांचे खडखडाटात निंबाजींस ऐकू जावे म्हणोन कानाशी तोंड नेवोन बोलिल्या, "आहो, कापड वल्लं व्हयनं आनि आखडनं. शंभरना ऐंशी व्हयनात. तुम्हना ताका खरा शे."

निंबाजींनी आयुष्यभर क्रेप विणले, परंतु कोरे, सुके. ते पुढे रंगाचे कारखान्यात जावोन भिजते आणि आखडते, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, कां की लूमवाला ताका उतरवितो आणि पुढचा लावितो. ते ऐकोन त्यांनी लूम बंद केली. कारखान्यात इतकी शांतता पसरली की, शेठ धावत आले.

मग बाईसाहेबांनी खासा मोहिमेचे मनसबे बांधिले. निंबाजींनी त्याच जातीचे नवे, सुके क्रेप दहा मीटर कापोन दिले. चार रिक्षांत सोळा बायका, एक बादली, आणि लक्ष्मणराव मंत्री बादलीवर नजर ठेवण्यास, ऐसे लष्कर कचेरीवर चालोन गेले. शिपायाने अटकाव केला की, बादली आत नेता येत नाही. बाईसाहेबांनी त्यास फर्माविले की, बादली अर्जाचे पुराव्यात मोडते. तो विचारात पडला आणि बायका आत शिरल्या.

नायकसाहेबांचे टेबलावर कापड पसरिले. साहेबांचे टेपेनेच मोजोन दाखविले, दहा. मग ते बादलीत बुडविले, वर काढिले, पिळिले, पुन्हा मोजिले. आठ. साहेब चष्मा काढोन पाहू लागले आणि म्हणाले, "बेन, फरी बोळो." पुन्हा बुडविले. आठच. तेव्हा शेजारचे टेबलावरील कारकून उठोन आला, मागोन दुसरा, मग टाइपिस्टबाई आल्या, आणि एकाने स्वतःचा रुमाल बादलीत बुडवोन पाहिला, तो आखडेना म्हणोन त्यास वाईट वाटले. टेबलावरोन पाणी फाइलींवर ओघळू लागले. नायकसाहेब इतके हसले की, खुर्चीचे हात धरोन बैसावे लागले. आणि हसणे थांबल्यावर त्यांनी लेखी हुकूम केला की, कारस्थान नाही, कापडाची करणी आहे, अर्जदार निर्दोष.

तरी एक अडचण उरली. फाइलीवर पाचशे चाळीस मंजूर, जमिनीवर चारशे बत्तीस. आकडा खाली आणणे तर नवी फाइल, आणि नवी फाइल म्हणजे दिवाळी. साहेब फाइलीची पाने मागेपुढे चाळू लागले. तेव्हा बाईसाहेब पुढे होवोन नकाशावर बोट ठेविते जाहल्या. त्यांनी सांगितले की, गटार नाल्याकाठी थांबले तर एकसष्ट घरांची घाण बागेचे मागे उघड्यावर येईल, पोरे खेळतील तेथे डास आणि दुर्गंधी, मग ती बाग कसली. त्यापरीस नाला बागेचे कडेने तसाच पाइपात घालोन थेट मोठ्या खाडीस नेवोन सोडावा. साहेबांनी नकाशावर पट्टी ठेविली. बागेचे कोपऱ्यापासोन खाडीपर्यंत किती? एकशे आठ. पुन्हा मोजिले. एकशे आठ. साहेबांनी टेबलाखाली पाहिले, जणू कोणी तेथे बसोन आकडे जुळवितो आहे. आणि मग सही केली.

आषाढात काम सुरू जाहले. खंदक खणिले, पाइप उतरले, आणि निंबाजी दर सांध्यापाशी उभे राहोन तो नीट बसला की नाही हे पाहू लागले. म्हशींनी एक दिवस मुक्काम राखिला, परंतु खणण्याचे यंत्राचा आवाज लूमहून मोठा, तो सोसेना, सबब त्यांनी तळ उठविला आणि पुन्हा आल्या नाहीत. नाला झाकला गेला, त्यावर माती पडली, आणि बागेभोवती तारेचे कुंपण आले. आत कचेरीने चाळीस रोपे पाठविली, ती बायकांनी घरागणिक वाटोन लाविली. बाईसाहेबांचे वाट्यास करंज आले.

श्रावणाचे पहिले आठवड्यात परीक्षेचा दिवस नेमिला. नायकसाहेब खाडीचे तोंडाशी उभे राहिले. नियम ऐसा की, वरल्या घरातून रंगीत पाणी सोडावे आणि ते खाली निघावे, तरच कब्जा. बिल्डराने तेवढ्यापुरते बावीस नंबर उघडिले. बाईसाहेबांनी लुगड्याचा काचा मारिला, हंड्यात हळद कालविली, आणि तो मोरीत उपडा केला. पाणी गुडगुड करोन गेले. आणि मग सारे सरितानगर धावू लागले. पाइप जमिनीखाली आणि लोक वर, पाण्याची शर्यत लावोन. लक्ष्मणराव धोतराचे सोगे हातात धरोन, उषाबाई चपला काखेत मारोन, निंबाजी सर्वांपुढे, आणि बाईसाहेब रिकामा हंडा घेवोन सर्वांमागे, धाप लागलेली, डोळ्यांस पाणी आणि ओठांवर हसू. रस्ता ओलांडिला, बागेचे कुंपण ओलांडिले, खाडी आली. पाइपाचे तोंड कोरडे. चारशे लोक श्वास रोखोन उभे. साहेब घड्याळ पाहतात. बाईसाहेबांनी हंडा पोटाशी घट्ट धरिला आणि मनात एवढेच म्हटले, माय, आता तरी. आणि पिवळी धार निघाली. आधी करंगळीएवढी, मग मनगटाएवढी. लोकांनी ऐसा जल्लोष केला की, पलीकडचे बागेतील साळुंक्या उडाल्या. साहेबांनी कब्जापत्रांचा गठ्ठा तेथेच, खाडीचे काठी, गुडघ्यावर ठेवोन सह्या करोन दिला.

येणेप्रमाणे, शके एकोणीसशे एकोणीस, श्रावण मासी, नागपंचमीनंतरचे रविवारी, सरितानगराचे एकसष्ट घरांवर पाचशे चाळीस मीटर गटाराचे बळे पूर्ण यश प्राप्त जाहले, ते लिहोन ठेविले असे. त्याच दिवशी बावीस नंबरचे दारात डफ थांबले. धुरपदाबाई नारळाची, हळदकुंकू आणि नथ ल्यालेली कानबाई दोन्ही हातांत घेवोन उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. पाऊल उचलिले आणि पुन्हा खाली ठेविले. अकरा वर्षे त्या परक्याचे दारातून आत गेल्या होत्या आणि प्रत्येक वेळी डोके वाकवोन गेल्या होत्या. आता मान ताठ ठेवोन त्या देवीस बोलिल्या, "ये माय. हाई मन्हं घर शे."