प्लास्टरवरची पाचवी सही

सासूबाई पडल्या त्या जावयाच्या गिटारच्या पेटीला अडखळून, आणि जावई धावला तो आधी पेटीकडे. सगळं बिघडलं ते इथेच.

"मोडलं का काही?" त्याने घाबरून विचारलं.

"मनगट असेल बहुतेक," सासूबाई जमिनीवरून म्हणाल्या.

तो गिटारबद्दल विचारत होता.

ही गिटार वाजवायची नव्हतीच मुळी. जावई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा आणि उरलेला जीव एका रॉक बँडवर टाकायचा. बँडमध्ये पाच जण. त्यातल्या चौघांच्या सह्या त्याने गिटारवर मिळवल्या होत्या, एक तर चक्क हॉटेलच्या मागच्या दाराशी कचऱ्याच्या डब्यांमध्ये उभं राहून. राहिला होता ड्रमर. तो मेला कुणाला सहीच देत नसे. "पाचवी सही मिळू दे, मग बघ हिची किंमत," हे इतक्या वेळा ऐकून झालं होतं की बायकोने मान हलवणंही सोडलं होतं.

हाडांच्या दवाखान्यात सासूबाईंच्या हाताला प्लास्टर चढलं. तेवढा वेळ जावई बाहेर उभा राहून गिटारवर पडलेल्या ओरखड्याबद्दल कारागिराशी फोनवर बोलत होता. परत येऊन बघतो तर प्लास्टरवर मार्करने केलेली भलीमोठी सही!

"आई, हे कुणी केलं?"

"शेजारी एक केस वाढवलेला मुलगा बसला होता, पाय मुरगळलेला. म्हणाला, मावशी, मी ड्रम वाजवतो. म्हटलं, पायाने? तर म्हणे, त्यातला एक ड्रम पायानेच वाजवायचा असतो. गोड पोरगं हो! म्हटलं, बाळा, बसलायस तर काहीतरी लिही याच्यावर."

जावई मटकन बाकावर बसला.

त्या दिवसापासून घरात सासूबाईंची काय बडदास्त! आंघोळीआधी जावई स्वतः प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधायचा. ऊन लागून शाई उडेल म्हणून त्यांच्या खोलीचे पडदे ओढायचा. बघायला आलेल्या नातेवाइकाने खिशातून पेन काढलं की मध्ये आडवा पडायचा. रोज संध्याकाळी दुकानातलं भिंग घेऊन यायचा आणि विचारायचा, "आई, आज प्लास्टर कसं आहे?"

"आहे," सासूबाई म्हणायच्या. मग एकदा म्हणाल्या, "त्या पोराचं काही ऐकवा की." जावयाने हौसेने गाणी लावली. सासूबाई धडधाकट हाताने टेबलावर ठेका धरायला लागल्या, त्याचं मात्र त्याला काहीच वाटलं नाही.

प्लास्टर काढायच्या दिवशी जावई कापणाऱ्याच्या डोक्यावरच उभा राहिला. "सहीच्या उलट्या बाजूने घ्या. हळू! अहो, हळू!"

"आजी, दुखतंय का?" कापणाऱ्याने विचारलं.

"नाही नाही, सही शाबूत आहे," जावई म्हणाला.

सासूबाईंनी प्लास्टर उचललं, आपल्या पिशवीत घातलं आणि चेन ओढली.

"द्या ना आई, मी धरतो."

"कशाला? हाड माझं, प्लास्टर माझं."

घरी पारखी येऊन बसलाच होता. असल्या वस्तूंच्या किमती ठरवणं हा त्याचा धंदा, आणि जावयानेच त्याला मोठ्या उत्साहाने बोलावलं होतं. त्याने गिटार पाहिली, प्लास्टर उलटसुलट करून पाहिलं. "सह्यांच्या गिटारी पुष्कळ बघितल्या. प्लास्टर पहिल्यांदाच बघतोय. त्यातून या ड्रमरची सही! गिटारच्या दुप्पट कुठे गेले नाहीत."

"म्हणजे दोन्ही मिळून..." जावयाचे डोळे चमकले.

"दोन्ही कशी मिळतील?" सासूबाई म्हणाल्या. "हे माझ्या खोलीत राहणार."

आता मात्र जावयाचा आवाज चढला. "अहो, माझा संच अपुरा राहील! इतके आठवडे मी तुमची सेवा केली, ती काय उगाच?"

"प्लास्टरची केलीत. हाताची विचारपूस केलीत का हो? एकदा तरी?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "बरोबर बोलतेय आई," ती म्हणाली, आणि तिथेच आईशेजारी बसली.

सासूबाई पारख्याकडे वळल्या. "तसा संच माझाही अपुराच आहे. ती गिटार, ओरखडा पडलेली, ड्रमर नसलेली, तिचा भाव सांगा बघू. पाडून सांगा. मी घेते."

पारख्याने निमूटपणे मोबाइलवर आकडेमोड सुरू केली. जावयाला दरदरून घाम फुटला.

"आई," तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "हात... हात कसा आहे आता?"

सासूबाईंनी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"झकास," त्या म्हणाल्या. "गिटार उचलण्याइतका."