रामटेके यांच्याकडे कचरा नाही

सुखदेवराव रामटेके यांच्या घरातून अकरा दिवस कचरा निघालेला नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी कौशल्याच्या लक्षात आली. वारज्याच्या त्या सोसायटीत सकाळी दारोदार फिरून कचरा गोळा करण्याचं काम ती नऊ वर्षं करत होती. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचं डाएट सुरू झालंय आणि कोणाचं चौथ्या दिवशी मोडलंय, हे तिला नुसत्या बादल्या बघून कळायचं. तिसऱ्या मजल्यावर रामटेक्यांच्या दारात मात्र बादलीच नव्हती.

याला कारण होतं, आणि ते कारण हडपसरला राहत होतं. सुखदेवरावांची मुलगी आम्रपाली तिथे आयटी कंपनीत होती. आई गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, की बाबांनी एकटं राहू नये, हडपसरला यावं. हडपसरचा तो चौदावा मजला नुसता आठवला तरी सुखदेवराव विषय बदलायचे. वारज्याचं हे दोन खोल्यांचं घर त्यांनी आणि पत्नी हिराबाईंनी मिळून घेतलं होतं. फरशी हिराबाईंनी निवडली होती, आणि ती सुखदेवरावांना मुळीच आवडली नव्हती. आता मात्र ती सोडून जायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती.

त्यात एक दिवस त्यांची कचऱ्याची पिशवी जिन्यात फुटली आणि कढीचा ओघळ दुसऱ्या मजल्यावरच्या उत्कर्षा साने यांच्या पायपुसण्यापर्यंत गेला. उत्कर्षाबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली एवढंच लिहिलं, "खालच्या मजल्यावरही माणसं राहतात. माहितीसाठी." तो फोटो फिरत फिरत आम्रपालीपर्यंत पोचला.

"बाबा, आता डील ऐका," ती म्हणाली. "चौदा एप्रिलपर्यंत तुमच्याबद्दल एकही कम्प्लेंट आली नाही, तर राहा तिकडे. एक जरी आली, तर मी टेम्पो घेऊन येणार. नो डिस्कशन."

सुखदेवरावांनी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली होती. प्रकरण हाती आलं की मुळाशी जायचं, ही त्यांची सवय. तक्रार कचऱ्यामुळे झाली. सबब कचराच नसला तर तक्रारही नाही, असा शेरा त्यांनी मनातल्या मनात मारला आणि कामाला लागले.

दुधाच्या पिशव्या बंद झाल्या. सकाळी साडेसहाला स्टीलची बरणी घेऊन ते मागच्या गेटने गावठाणातल्या गवळ्याकडे जाऊ लागले. पेपर बंद केला. दूध घेतल्यावर वाचनालयात बसून ते चार पेपर फुकट वाचायचे आणि साडेनऊला परतायचे. वाण्याकडे डाळ-तांदूळ आणायला डबे नेऊ लागले, तेव्हा वाणी म्हणाला, "काका, डबे आणलेत ते बरं केलंत. उद्या तराजूही आणा, म्हणजे मी नुसता बसून राहतो."

एकदा हात बसला की माणूस थांबत नाही. कचऱ्यावरून सुखदेवराव विजेवर आले. दाराच्या घंटीच्या बटणात एक लाल दिवा उगाच जळायचा, म्हणून तिची वायर काढली. लिफ्ट सोडली. सकाळी दहापर्यंत मोबाइल बंद. टीव्ही नाही, पंखा नाही. आंघोळीचं पाणी बादलीत साठवून तेच संडासात, त्यामुळे फ्लशचाही आवाज नाही. थोडक्यात, माणूस घरात आहे हे ज्या ज्या गोष्टींवरून बाहेर कळतं, त्या सगळ्या त्यांनी एकेक करून बंद केल्या.

ओल्या कचऱ्यासाठी त्यांनी ड्राय बाल्कनीत खताचं पिंप बसवलं. ओल्यावर थोडा सुका पालापाचोळा टाकायचा, म्हणजे वास येत नाही, हे त्यांना माहीत होतं. मार्च महिना असल्यामुळे सोसायटीच्या आवारात पाचोळ्याचे ढीग पडले होते. पण आवार सोसायटीचं, झाडं सोसायटीची, म्हणजे पानंही सोसायटीची. ती परवानगीशिवाय कशी उचलायची? सुखदेवरावांनी सेक्रेटरी महिपती बराटे यांना रीतसर लेखी अर्ज दिला. विषय: आवारातील वाळलेली पाने (अंदाजे दोन पोती) नेण्यास परवानगी मिळणेबाबत. मग उत्तराची वाट पाहत ते पिंपात रोज कलिंगडाच्या साली टाकत राहिले. बराटे यांनी अर्ज उघडलासुद्धा नाही. पिंपाने मात्र वाट पाहिली नाही.

बाराव्या दिवशी सव्वासातला कौशल्या त्या दारापाशी थांबली. तिने घंटी दाबली. वाजली नाही. कडी वाजवली. उत्तर नाही. मग तिला वास आला, आणि दाराच्या फटीतून चार माशा बाहेर आल्या. ती बादल्या तिथेच सोडून बराटे यांच्याकडे पळाली.

महिपती बराटे मूळचे वारज्याचेच. बनियनवरच वर आले, दाराशी नाक नेलं आणि दोन पावलं मागे सरले.

"हा वास मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "आमच्या मळ्यात म्हैस मेली होती, तवा चौथ्या दिवशी असाच सुटला होता."

तोवर उत्कर्षाबाईही वर आल्या होत्या. "बराटे, म्हशीशी तुलना नको," त्या म्हणाल्या. "माणूस शिस्तीचा होता."

'होता' म्हटल्यावर बराटे यांनी बनियन खाली ओढून नीट केलं.

"वहिनी, तुम्हाला वरून काही आवाज?"

"छे! दहा-बारा दिवस पाण्याचासुद्धा नाही. मला वाटलं, सुधारले."

वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, रामटेके काकांना मी कितीतरी दिवसांत बघितलं नाही. तो पुढच्या गेटवर बसायचा. मोबाइल लावला, तर बंद. शेवटी बराटे यांनी आम्रपालीला फोन केला आणि घसा खाकरून म्हणाले, "ताई, घाबरू नका, पण बसलेल्या असाल तर बरं."

आम्रपालीने रविवारी बाबांना फोन केला नव्हता. त्याच्या आधीच्या रविवारी ऑफिसचा कॉल चालू असताना केला होता, तो दीड मिनिटाचा. तिला हे सगळं एका क्षणात आठवलं आणि तिने गाडीची किल्ली उचलली. "दार तोडा," ती कशीबशी म्हणाली. "मी निघाले."

हडपसरहून वारजे म्हणजे सकाळच्या वेळी परगावच. तेवढ्या वेळात सोसायटीने आपलं काम उरकलं. मेंटेनन्सच्या मेसेजला ज्या ग्रुपवर महिना महिना कोणी उत्तर देत नसे, तिथे वीस मिनिटांत एक्केचाळीस आदरांजल्या पडल्या. बी विंगमधून पांढरी फुलं आली, ती प्लास्टिकच्या पिशवीत. कोणीतरी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं आणलं. कागदी कपांतून चहा फिरला. सुताराने कुलपाच्या बाजूची फळी फोडली, तेव्हा जिन्यात जवळजवळ साठ माणसं उभी होती.

नेमके त्याच वेळी सुखदेवराव दुधाची बरणी घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर चपलांचा ढीग दिसला, तेव्हा त्यांनीही सवयीने चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बी विंगमधल्या गृहस्थांना हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"वरचे रामटेके," गृहस्थ म्हणाले. ते नवीन राहायला आले होते.

"कोणते रामटेके?"

"एकटेच राहायचे ते. झाले म्हणे आठ-दहा दिवस."

सुखदेवरावांनी बरणी या हातातून त्या हातात घेतली. साठ माणसं एकमताने सांगतायत म्हटल्यावर कोणाचाही धीर सुटेल. पण हातातल्या बरणीचं वजन लागत होतं, म्हणजे आपण अजून आहोत, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि गर्दीतून वाट काढत वर गेले.

वर बराटे यांनी बेडरूम पाहिली, संडास पाहिला, पलंगाखाली पाहिलं. रामटेके कुठेच नव्हते. मग ते वासाच्या मागावर ड्राय बाल्कनीत गेले, धीर करून पिंपाचं झाकण उचललं आणि तोंडावर हात दाबून उलट्या पावली बाहेर आले, ते थेट सुखदेवरावांच्या अंगावर.

"अगं आई गं!" बराटे ओरडले.

एरवी सुखदेवराव पुण्याच्या लोकांशी पुण्यासारखं बोलत. संतापले की मात्र मूळचा भंडारा जिल्हा वर यायचा. "काय करून राहिले बाप्पा तुम्ही लोकं?" ते कडाडले. "माझं दार कायले तोडलं? मी दूध आणाले गेलो होतो ना!"

"पण तुम्ही तर..." बराटे यांनी पिंपाकडे बोट दाखवलं.

"रामटेके, आम्ही तुमच्यासाठी चहा सोडून आलो," उत्कर्षाबाई म्हणाल्या. "निदान कळवून तरी जायचं."

एवढ्यात आम्रपाली पोचली. ती धावत वर आली, बाबांना बघितलं, त्यांच्या गळ्यात पडून भडाभडा रडली आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "सामान भरा."

"आमू, तक्रार तर नाही ना आली माझ्याबद्दल!"

"बाबा! अख्खी बिल्डिंग दारात उभी आहे! वास येतोय, दार तुटलंय, ग्रुपवर तुमचा फोटो हार घालून फिरतोय. अजून काय पाहिजे?"

सुखदेवरावांनी कपाट उघडून अर्जाची आपल्याकडची प्रत काढली. त्यावर पोच म्हणून बराटे यांच्याच बायकोची सही होती. "पाचोळा मिळाला असता तर वास आलाच नसता," ते म्हणाले. बराटे यांनी अर्ज वाचला, खाली बघितलं आणि म्हणाले, "आवो, वाळलेल्या पानांना कोण अर्ज करतं? न्यायची व्हती की." पण त्याने काही फरक पडला नाही. आम्रपालीने माळ्यावरची बॅग काढली. सुखदेवराव खुर्चीत बसले आणि फरशीकडे बघत राहिले. 

तेव्हा दारात उभी असलेली कौशल्या म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमच्याकडं कचरा कोण नेतं?"

"आमच्याकडे? प्रत्येक मजल्यावर शूट आहे. त्यात टाकला की थेट खाली."

"आन् तुम्ही दोघं नवराबायको कामावर किती वाजता जाता?"

"आठला. यायला रात्रीचे नऊ होतात."

"मग तिकडं काकांना काही झालं, तर कुणाला कळंल?"

 बॅगची चेन अर्ध्यावर राहिली.

"पण तुम्हालाही बारा दिवस लागले की," ती शेवटी म्हणाली.

"लागले, कारण काकांनी बादलीच बंद केली. बादली असती, तर मला दुसऱ्या दिवशी कळलं असतं." मग ती सुखदेवरावांकडे वळली. "काका, रोज सव्वासातला काहीतरी एक ठेवायचं दारात. काहीबी. दिसलं, की मी पुढं जाईन. न्हाई दिसलं, की ताईंना फोन."

आम्रपालीने बॅग परत माळ्यावर टाकली. "रोज," ती म्हणाली. "एक दिवस चुकलं, तर टेम्पो."

सरकार वर्षातून एकदाच हयातीचा दाखला मागतं. मुलीने रोजचा मागितला. सुखदेवरावांनी तो मान्य केला. दूध आणायची वेळ त्यांनी आठवर ढकलली.

पहिला आठवडा सोपा गेला. तुटलेल्या दाराच्या ढलप्या होत्या, नव्या कुलपाचं खोकं होतं, आदरांजलीच्या फुलांची प्लास्टिकची पिशवी होती. सुखदेवरावांनी त्या सगळ्याचे काटकसरीने वाटे केले. पण बराटे यांनी शरमेपोटी पाचोळ्याची चार पोती स्वतः वर आणून दिल्यामुळे पिंपही उत्तम चालू लागलं होतं. ओलं काही उरेना आणि सुकं तर ते घरात आणतच नव्हते. नवव्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी घर धुंडाळलं. कांद्याची सालं पिंपाच्या हक्काची. जुन्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर अजून लिहिता येत होतं. पहिल्या मजल्यावर कौशल्याच्या बादल्यांचा आवाज आला.

स्टीलची वाटी घेऊन ते दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि साने यांची घंटी दाबली.

"वहिनी, थोडा कचरा मिळेल का?"

उत्कर्षाबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "ओला की सुका?"

"कुठलाही चालेल. जरा घाई आहे."

"विरजण मागायला येतात माणसं, ते ठाऊक होतं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन बिस्किटाच्या पुड्याचा कागद घेऊन आल्या. "परत आणून देऊ नका म्हणजे झालं."

सुखदेवराव दोन दोन पायऱ्या चढून वर पोचले आणि वाटी उंबऱ्याबाहेर ठेवली, तोवर कौशल्या समोर उभी होती. तिने कागद उचलला, उलटासुलटा केला.

"काका, हा तुमचा न्हाई. हा सान्यांचा माल हाय."

"आहे," सुखदेवराव धापा टाकत म्हणाले. "उसना आणलाय. पण आणला तर मीच ना?"

कौशल्याने थोडा विचार केला, कागद सुक्या कचऱ्याच्या पोत्यात टाकला आणि चौथ्या मजल्याकडे निघाली.